पंचनाम्यात न येणारी हानी

ऑगस्ट २०२५ मध्ये एका रात्रीच्या अतिवृष्टीने लेंडी धरणाचे पाणी मुखेड तालुक्यातील हसनाळ, रावणगाव, भिंगोली या गावांत शिरले. माणसे दगावली, जनावरे गेली, सैन्यदलास पाचारण करावे लागले. ज्या धरणाच्या पाण्याची शेजारचा देगलूर तालुका अनेक दशके वाट पाहत होता, त्याच पाण्याचे हे रूप! त्यापूर्वी एप्रिल २०१६ मध्ये याच मराठवाड्यातील लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. देगलूरच्या महाविद्यालयात आज शिकणारा तरुण तेव्हा प्राथमिक शाळेत होता. बालपणी त्याने कोरडी विहीर पाहिली आणि विशीत पदार्पण करताना पाण्याखाली कुजलेले मूग-उडीद पाहिले.

अशा आपत्तीनंतर तलाठी येतात, पंचनामा होतो. बाधित क्षेत्र, पडलेली भिंत, दगावलेले जनावर यांची नोंद होते. घरातील सतरा वर्षांच्या मुलाची झोप उडाली आहे, यासाठी मात्र त्या कागदावर रकाना नाही.

हा ताण सर्वांच्या वाट्याला सारखाही येत नाही. ज्याच्या घरी एकाला नोकरी आहे, त्याला एक हंगाम बुडाला तरी सावरता येते. कोरडवाहू शेतकरी मात्र व्याजाने रक्कम उचलून मुलाला 'नीट'च्या शिकवणीसाठी लातूरला पाठवतो; तेथे खोलीचे भाडे, खानावळ, शुल्क यांचा हिशेब तो मुलगा पुस्तकाच्या पानापानावर वाचत असतो. भूमिहीनाचा मुलगा हैदराबाद-निजामाबादची वाट धरतो. आणि मुलगी? पीक गेले की प्रथम तिचे शिक्षण थांबते व स्थळे पाहण्यास प्रारंभ होतो. तिच्या मनाची विचारपूस तर कोणीच करीत नाही. २०१५ च्या दुष्काळात लातूर जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीने एस.टी.च्या पासाइतक्या रकमेच्या विवंचनेत जीवनयात्रा संपवली. त्यानंतर महामंडळाने दुष्काळग्रस्त भागातील विद्यार्थ्यांना मोफत पास दिले. शासनाला जाग आली, पण कोणत्या किमतीवर!

उपचारांची स्थिती काय आहे? राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतील एकही आले नाही. देगलूरहून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे ८० किलोमीटर. एका भेटीसाठी बाप-लेकाची दिवसाची मजुरी बुडते. शेतकरी कुटुंबांसाठी २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला, आशा कार्यकर्त्या घरोघरी गेल्या. पण त्याचा रोख मुख्यतः कर्त्या पुरुषावर राहिला. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले आहे. लातूर-नांदेडच्या शिकवणीवर्गांत याची अंमलबजावणी होते की नाही, हे पालकांनी शुल्क भरतानाच विचारावे.

आपल्या कुटुंबव्यवस्थेचा आपल्याला अभिमान आहे आणि तो सार्थ आहे. परंतु मुलाच्या मौनालाच आपण शहाणपणा समजत असू, बाहेरची बाधा म्हणून उतारे टाकत असू, तर त्या व्यवस्थेचा आधार त्याला मिळाला असे कसे म्हणावे? १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर समाजाने केवळ धान्य व पत्रे वाटले नाहीत. हरंगुळ येथे आपद्ग्रस्त मुलांसाठी निवासी विद्यालय उभे राहिले, हराळीला ज्ञान प्रबोधिनीने शाळा काढली. मुलांच्या जवळ वर्षानुवर्षे राहणारी माणसे तेथे होती.

लेंडीकाठच्या गावांना हेच हवे आहे. मदतीचे वाहन परतल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी त्याच घरी पुन्हा जाणारे दोन कार्यकर्ते, प्रत्येक शाळेत ऐकून घेणारा एक शिक्षक आणि मुलींसाठी एक शिक्षिका. शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे, मराठीत आणि तेलुगूतही. देगलूरच्या बसस्थानकावर हा क्रमांक ठळकपणे लिहिण्यास रंगाचा एक डबा पुरेल.