भिंतीवरचे कान

ऐन वैशाखात घरातला पंखा मंदावतो. वायरमन शिडीवर चढतो, ‘कंडेन्सर गेलाय’ एवढेच म्हणतो आणि पाच मिनिटांत अंगठ्याएवढी एक डबी बदलून निघून जातो. पंखा पूर्ववत् फिरू लागतो आणि आपण ती डबी विसरून जातो. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात जिला ‘धारित्र’ म्हणतात, तीच ही वस्तू. दोन धातूंचे पत्रे आणि त्यांच्यामध्ये विजेला अडवणारा एक थर, एवढेच तिचे स्वरूप. परंतु गेल्या शंभर वर्षांत या क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूने संगीत घडविले, हेरगिरी केली आणि आज ती वाहनातील माणसांचे प्राणही वाचवीत आहे. राष्ट्राच्या सामर्थ्याचा विचार करताना आपले लक्ष रणगाडे, विमाने आणि अग्निबाणांकडे जाते. त्यांच्या पोटातील या डबीकडे मात्र ते क्वचितच जाते.

धारित्राचा जन्म १७४५-४६ या काळातला. पोमेरेनियातील क्लाइस्ट आणि हॉलंडमधील लायडेन येथील मुशेनब्रुक या दोघांना स्वतंत्रपणे आढळले, की काचेच्या बरणीत वीज साठवून ठेवता येते. पुढे ध्यानात आले, की पत्र्यांमधील अंतर बदलले की साठवणशक्ती, म्हणजेच धारिता बदलते. गतीचा सुगावा घेणाऱ्या कितीतरी संवेदकांचे बीज या एका वाक्यात आहे. काही हलले म्हणजे अंतर बदलले, अंतर बदलले म्हणजे धारिता बदलली आणि धारिता मोजता आली म्हणजे हालचाल कळली.

हे बीज ज्याच्या हाती फुलले, तो लेव थेरेमिन हा रशियन शास्त्रज्ञ. १८९६ साली सेंट पीटर्सबर्ग येथे जन्मलेला हा तरुण १९२० च्या सुमारास पेत्रोग्राड येथील योफ्फे यांच्या संस्थेत वायूंचे विद्युत्‌गुणधर्म मोजण्याचे उपकरण तयार करीत होता. उपकरणाजवळ हात नेला, की त्यातून निघणारा स्वर चढतो आणि हात दूर नेला, की उतरतो, हे त्याच्या लक्षात आले. मनुष्याचा हातच धारित्राचा एक पत्रा बनला होता! दुसऱ्या एखाद्याने हा उपकरणाचा दोष मानून तो दूर केला असता. थेरेमिनने त्या दोषातून वाद्य निर्माण केले.

त्याची युक्ती साधी होती. दोन विद्युत् मंडले कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंपनसंख्येने कंप पावत ठेवायची. एकाची कंपने सेकंदाला ३,००,००० असली आणि हाताच्या सान्निध्याने दुसऱ्याची २,९९,५६० झाली, तर त्यांच्यातील ४४० चा फरक स्वर होऊन ऐकू येतो. हाताने धारितेत पडणारा फरक अत्यल्प असतो, पण तेवढ्याने स्वर बदलतो. वाद्याला स्पर्श न करता वाजविण्याची ही कला त्याने १९२२ मध्ये लेनिनसमोर सादर केली. त्याच तत्त्वावर, कोणी जवळ आले की इशारा देणारे पहारेयंत्रही त्याने बनविले. १९२८ मध्ये त्याला अमेरिकेत वाद्याचे पेटंट मिळाले.

येथपर्यंतची कथा रम्य आहे, पुढची तशी नाही. १९३८ मध्ये तो मायदेशी परतला आणि १९३९ मध्ये त्याला अटक झाली. कोलिमाच्या भीषण छावणीत काही काळ काढल्यावर त्याला शास्त्रज्ञ-कैद्यांच्या प्रयोगशाळेत आणण्यात आले. ज्या राजवटीने त्याला बंदी केले, तिच्यासाठीच तेथे तो शोध लावीत राहिला. ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकेचे मॉस्कोतील राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना अमेरिकी राजमुद्रेची एक कोरीव लाकडी प्रतिकृती मैत्रीचे प्रतीक म्हणून भेट दिली. ती राजदूतांच्या निवासातील अभ्यासिकेत लावली गेली. सात वर्षे, म्हणजे १९५२ पर्यंत, ती भिंतीवर टांगलेली होती आणि तेथील संभाषणे बाहेर ऐकली जात होती.

त्या लाकडात ना विद्युत्‌घट होता, ना तार. होती ती केवळ एक धातूची पोकळी, एक आकाशक आणि एक पातळ पडदा. हा पडदा म्हणजेच धारित्राचा हलणारा पत्रा. खोलीतल्या बोलण्याने तो थरथरे आणि धारिता बदले. बाहेरून ठराविक कंपनसंख्येचे रेडिओतरंग सोडले, की ते त्या थरथरीचा ठसा घेऊन परत जात. तरंग बंद असले, की ती वस्तू मुकी. मग ती तपासणीत सापडावी कशी? मे १९६० मध्ये यू-२ विमानाच्या प्रकरणावरून सोव्हिएत संघाने अमेरिकेवर हेरगिरीचा आरोप केला, तेव्हा अमेरिकेचे प्रतिनिधी हेन्री कॅबट लॉज यांनी हीच राजमुद्रा राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेत उघडून दाखविली. भिंतीला कान असतात, असे आपण म्हणतो. येथे ते अक्षरशः होते आणि भेट म्हणून स्वीकारलेले होते.

या इतिहासातून दोन बोध घेण्यासारखे आहेत. पहिला असा, की जी वस्तू आपण उघडून समजून घेतलेली नाही, ती घरात असली तरी आपली नसते. आज आपल्या वसाहतीच्या दारावर, बँकेत, रेल्वेस्थानकावर कॅमेरे आहेत आणि हालचाल टिपणारे संवेदक आहेत. त्यांच्या आत काय आहे, हे विचारणे हा संशयीपणा नव्हे, ती साधी सावधगिरी आहे. अशा कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाविषयक तपासणीचे निकष केंद्र शासनाने २०२४ मध्ये अधिसूचित केले, हे योग्यच झाले. परंतु तपासणी करण्यासाठीदेखील ती वस्तू बनविण्याचे ज्ञान असलेली माणसे लागतात. जो बनवू शकत नाही, तो पारखणार कसा?

दुसरा बोध शोधकाविषयीचा. धाकाने राबविलेल्या बुद्धीकडून एखादे यंत्र मिळते, पण परंपरा निर्माण होत नाही. धारित्रावर आधारलेले हालचालसंवेदक पुढे जगभर पसरले ते मोकळ्या प्रयोगशाळांतून आणि चिकाटीच्या कारखान्यांतून. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत बेंट स्टुम्प यांनी १९७० च्या दशकात बोटाच्या स्पर्शाने धारिता बदलणारे पडदे नियंत्रणकक्षासाठी बनविले. १९९० च्या दशकात सिलिकॉनमध्ये कोरलेले, कंगव्याच्या दातांसारखे सूक्ष्म धारित्र मोटारीत आले. वाहन आदळले, की त्यातील हलता भाग जडत्वामुळे सरकतो, दातांमधील अंतर बदलते आणि डोळ्याचे पाते लवण्याआधी एअरबॅग उघडते. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून मोटारचालकासाठी एअरबॅग अनिवार्य झाली. तिच्यामुळे वाचणारा प्रत्येक जीव हा अशाच एखाद्या संवेदकाचा ऋणी आहे.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेतलाच पाहिजे. पैशा-रुपयांत मिळणारे सुटे भाग आपण का बनवावेत? स्वस्त मिळते तेथून घ्यावे आणि आपण संगणकप्रणालींत अग्रेसर राहावे, असे पुष्कळ सुबुद्ध माणसेही म्हणतात. प्रत्येक वस्तू देशातच बनली पाहिजे, असा हट्ट शहाणपणाचा नाही, हे मान्य. पण जपानचे उदाहरण पाहा. क्योटो येथे कुंभारकामाची परंपरा असलेल्या घरातील अकिरा मुराता यांनी १९४४ मध्ये भाजलेल्या मातीच्या, म्हणजे सिरॅमिक धारित्रांचा छोटा उद्योग सुरू केला. आज तो उद्योग या क्षेत्रात जगात अग्रणी आहे आणि एकेका मोबाइलमध्ये अशी शेकडो धारित्रे असतात. वस्तू पैशांची, पण तिच्याविना हजारो रुपयांचे यंत्र जुळत नाही. भट्टीचे तापमान, मातीचा कण आणि थराची जाडी यांवर पिढ्यान्‌पिढ्या घेतलेल्या श्रमाचे ते फळ आहे. असे ज्ञान संकटाच्या दिवशी बाजारात विकत मिळत नाही.

आपल्याकडेही आरंभ झाला आहे. केरळमधील केल्ट्रॉन अनेक वर्षे धारित्रे बनवीत आली आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या निर्मितीसाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. निधी आवश्यक आहे, पण तो पुरेसा नाही. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बाजारातून तयार विकत आणून गुण मिळविण्याची रीत जोवर प्रतिष्ठित घरांतूनही निमूटपणे चालवून घेतली जाते, तोवर कोणत्याही योजनेतून शोधक निर्माण होणार नाहीत. थेरेमिनला यंत्रातील एक बिघाड दिसला आणि तो थांबून पाहू लागला. हे थांबून पाहणे शाळेच्या प्रयोगशाळेत आणि घराच्या ओसरीवर शिकवावे लागते.

तेव्हा पुढच्या वेळी वायरमन पंख्याचा कंडेन्सर बदलील, तेव्हा जुना फेकून देऊ नये. वायरमनकडून त्यातील उरलीसुरली वीज काढून घ्यावी आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली तो मुलांना उघडून पाहू द्यावा. गुंडाळलेली ती पातळ चकचकीत पट्टी पाहून एखादे मूल ‘हे कशासाठी?’ असे विचारील. त्या प्रश्नाला ‘अभ्यास कर’ एवढेच उत्तर न देता त्याच्याबरोबर बसणे, हेही राष्ट्रकार्यच आहे.