लायटरची ठिणगी आणि अणूची ओळख



पोलादपूर तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी नववीत शिकते. तिने वर्गात विचारले, "अणू कोणी पाहिला आहे का?" उत्तर मिळाले, "पुस्तकात आहे तेवढे लिही आणि खाली बस." त्या दिवसापासून मुलगी वर्गात हात वर करीत नाही. आई विचारतात, माझ्या मुलीचे काही चुकले का?

ताई, काहीही चुकले नाही. हाच प्रश्न मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही पडला होता.

साध्या सूक्ष्मदर्शकातून अणू दिसत नाही, कारण प्रकाशाची लहर अणूच्या हजारपटीहून मोठी असते. म्हणून १९८१ साली झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी वेगळी युक्ती काढली. अंधारात आपण हाताने चाचपतो, तसे त्यांनी सुईने चाचपले. अतिशय टोकदार सुई पदार्थाच्या अगदी जवळ न्यायची, पण टेकवायची नाही. मधल्या फटीतून किंचित वीज वाहते. फट अणूच्या निम्म्याएवढी वाढली, तरी वीज सुमारे दहापट घटते. त्यावरून उंचसखल नकाशा तयार होतो. १९८६ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पण सुई इतकी बारीक हलवायची कशी? त्याचे उत्तर तुमच्या शेगडीजवळ आहे. लायटरचा खटका दाबला की आतली हातोडी एका खास तुकड्यावर आपटते. तुकडा दाबला गेला की वीज निर्माण होते आणि ठिणगी पडते. पदार्थाचा हा गुण क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवला. त्याच्या उलटही घडते. वीज दिली की असा पदार्थ किंचित ताणतो किंवा आक्रसतो.

१९९० च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केल्विन क्वेट यांच्या गटाने सिलिकॉनच्या चकतीवर सुमारे मिलिमीटरभर लांबीची पट्टी घडवली. तिच्यात झिंक ऑक्साइडचे पातळ थर होते. भिजलेली फळी उन्हात ठेवली की वरची बाजू आक्रसते आणि फळी वाकते. तसाच एक थर आक्रसला आणि दुसरा ताणला की पट्टी वाकते, टोकावरची सुई हलते.

पट्टी लांब केली तर ती जास्त वाकते, पण थरथरतेही लवकर. महामार्गावरून ट्रक गेला की आपल्या मांडणीवरची भांडी वाजतात ना? तेवढ्या कंपानेही अणूचे चित्र बिघडेल. म्हणून लांबी आणि जाडी यांचा मेळ घालणे हेच खरे कसब.

आपल्याकडेही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात प्रा. सी. व्ही. धर्माधिकारी यांनी असा सूक्ष्मदर्शक उभा केला.

ताई, हे मुलीला वाचायला द्या. मग लायटर हातात घेऊन ठिणगी कशी पडते, ते तिलाच तुम्हाला समजावून सांगू द्या. घरी सांगता आले की वर्गातही हात वर होईल.