सोंग आणायचं वय

‘सोंग’ हा शब्द आपण मुलांना दटावताना वापरतो. अभ्यासाच्या वेळी पोट दुखायला लागलं की, “पुरे झाली सोंगं!” पण श्रावणात मंगळागौरीच्या जागरणाला हाच शब्द किती लाडका होतो! झिम्मा-फुगड्यांनी दम लागला की कुणीतरी हळूच आत जाते आणि सासऱ्यांचं धोतर, टोपी, काजळाची मिशी अशी बाहेर येते. एरवी चारचौघींत तोंड न उघडणारी ती त्या मिशीआडून सगळ्यांना दरडावते, आणि आपण पोट धरधरून हसतो.

हल्ली तरुण मुलंमुली आवडत्या गोष्टींतल्या पात्रांचे पोशाख करून जमतात, त्याला कॉस्प्ले म्हणतात. शब्द जपानात तयार झाला, पण हौस त्याहून जुनी. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या वाचकांचं संमेलन भरलं, तेव्हा फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातल्या माणसांच्या वेषात आले. दोन्ही पोशाख शिवले मर्टलबाईंनी आणि नाव जास्त झालं फॉरेस्टचं. यात आपल्याला नवल ते काय वाटायचं!

आपल्याकडे तर देवालाही रूपं घ्यायचा कंटाळा नाही. मंचर-घोडेगाववरून भीमाशंकरला गेलात तर कमळजा देवीचं दर्शन चुकवू नका. त्रिपुरासुराला मारायला शंकराने पार्वतीची मदत घेतली आणि दोघं अर्धनारीनटेश्वर झाले, अशी तिथली कथा. मंचरच्या पुढे नाशिक रस्त्याला नारायणगाव, तमाशाची पंढरी. जत्रांचा हंगाम आला की फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात. गवळणीतली मावशी म्हणजे लुगडं नेसलेला पुरुषच. तिला बघून हसत नाही अशी बाई मी पाहिलेली नाही.

याच गावाचं नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी गाजवलं. ऐन खेळात त्यांना कळा आल्या, त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर जायला निघाल्या, ही हकिगत महाराष्ट्राला ठाऊक आहे. राष्ट्रपती पदक त्यांना मिळालं, तरी २००२ साली त्या गेल्या त्याआधीची वर्षं हलाखीत गेली. आणि दुसरीकडे बालगंधर्व! १९११ साली भामिनी, १९१६ साली रुक्मिणी, १९१९ साली सिंधू. त्यांचं लुगडं, त्यांचा अंबाडा घरंदाज बायकांनी उचलला. बालगंधर्व थोर होतेच, त्यात शंका नाही. पण पुरुषाने बाईचं सोंग घेतलं तर कला आणि बाईने चेहरा रंगवला तर नाक मुरडायचं, हा हिशेब मला कधी पटला नाही. आपल्या घरातलं “या वयात शोभतं का?” हे त्याच हिशेबातलं धाकटं भावंड आहे. ते ऐकून कितीतरी जणी गणेशोत्सवातल्या कार्यक्रमाला नुसत्या टाळ्या वाजवायला बसतात. मनातून मात्र त्यांना झाशीची राणी नाहीतर नाटकातली खाष्ट सासू व्हायचं असतं.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. म्हणून भाड्याच्या पोशाखाच्या भानगडीत पडू नका. जुन्या नऊवारीचा काष्टा घातला की निम्मं काम झालं. मुकुटाला लग्नपत्रिकांचे सोनेरी पुठ्ठे उत्तम. दाढीसाठी काळी लोकर उसवून पातळ कापडावर टाचा आणि कानामागे दोऱ्याने बांधा. गालाला डिंक लावू नका, काढताना डोळ्यांत पाणी येतं. केस पिकवायला टाल्कम पावडर पुरते.

चेहऱ्याला भिंतीचे किंवा चित्रकलेचे रंग मुळीच लावू नयेत. विकतचा रंगही आदल्या रात्री कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. खाज सुटली तर त्याचा नाद सोडा. रंग उतरवताना आधी खोबरेल तेल चोळा, मऊ फडक्याने पुसा आणि मग डाळीचं पीठ लावून धुवा. काजळाची मिशी निघायला मात्र दोनदा तेल लागतं. सकाळी दूधवाला येण्याआधी आरशात एकदा बघून घ्या.