डिस्काउंट : दुकानातला आणि बँकेतला

'डिस्काउंट' म्हटले की डोळ्यांसमोर दिवाळीतला साड्यांचा सेल येतो. मराठीत आपण त्याला सवलत म्हणतो, कन्नडमध्ये रियायिती. बँकेतला डिस्काउंट मात्र निराळा. तिथे आपल्या हाती येणाऱ्या पैशांतूनच कापून घेतात. जुना मराठी शब्द आहे 'वटाव'.

समजा, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीवाल्याला एक लाखाची हुंडी मिळाली, पैसे तीन महिन्यांनी. त्याला पगार आजच वाटायचे आहेत. बँक 12 टक्के दराने तीन महिन्यांचे 3,000 कापून 97,000 हातावर ठेवते. याला हुंडी वटवणे म्हणतात. लिलावाच्या भिशीत गरजू माणूस कमी रक्कम घेऊन आधी उचल करतो, तोही एक प्रकारचा वटावच.

परवा शेजारच्या अक्कांना मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. शेकडा दोन रुपये महिना व्याजाने वर्षासाठी 10,000 घ्यायचे आणि 2,400 आधीच कापायचे, असा त्यांच्या सावकाराचा बेत होता. म्हणजे हातात 7,600, फेडायचे 10,000. अक्का 24 टक्के समजत होत्या; खरा दर साडेएकतीसच्याही वर जातो!

आता रिझर्व्ह बँक. बँकेला पैसे कमी पडले, तर तिने घेतलेली हुंडी रिझर्व्ह बँक पुन्हा वटवून घेऊ शकते. 1934 च्या कायद्यात त्या दराला 'बँक रेट' म्हटले आहे. तो वाढला की बँकांना पैसा महाग, मग आपल्यालाही. आज हे काम मुख्यतः रेपो दर करतो.

तरी बँक रेट निकामी झालेला नाही. 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल थकवणाऱ्या ग्राहकाला बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. लेखी करार असला तरी मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. घरात कुणाचे छोटे वर्कशॉप असेल, तर हे जरूर सांगा.

आणि कर्ज घेताना टक्के ऐकून भुलू नका. आधी विचारा, "हातात किती येणार?" कन्नडमध्ये विचारायचे तर, "कैगे एष्टु बरतैती?" मग फेडायचा आकडा त्याच्याशेजारी लिहा आणि नंतरच सही करा.