मास्तराच्या हातीं बंदूक

शाळेंतील मुलांचा जीव सांभाळावा कोणीं? अमेरिकेंत हा वाद कित्येक वर्षें चालला आहे. एक पक्ष म्हणतो, मास्तरांस बंदुका द्या. दुसरा म्हणतो, पोलिसांवर भरंवसा ठेवा. आमच्या शेतकरी व कारागीर वाचकांस हा वाद परमुलखांतला वाटेल. पण ज्या घरचें पोर शाळेंत जातें त्या घरानें तो नीट समजून घ्यावा.

प्रथम पोलिसांचें पाहूं. टेक्सास प्रांतांत युवाल्डे नांवाचें गांव आहे. वस्ती बहुतांशीं मेक्सिकन वंशाच्या लोकांची. ता. २४ मे २०२२ रोजीं अठरा वर्षांच्या एका पोरानें तेथील प्राथमिक शाळेंत शिरून १९ मुलें व २ शिक्षिका यांचे प्राण घेतले. पोलिस आले नाहींत असें नव्हे. निरनिराळ्या खात्यांचे मिळून ३७६ शिपाई-अंमलदार जमले. तरी मारेकऱ्यास गांठावयास ७७ मिनिटें लागलीं. आंतलीं मुलें टेलिफोनवर मदत मागत होतीं. बाहेर आईबाप आंत जाऊं पाहत होते, तर पोलिसांनीं त्यांसच अडवून धरलें !

त्यापूर्वीं ता. १४ फेब्रुवारी २०१८ रोजीं फ्लॉरिडांतील पार्कलंड येथें १७ जण मारले गेले. त्या शाळेस नेमलेला हत्यारबंद अंमलदार बाहेरच थांबला. त्याच्यावर खटला झाला. २०२३ सालीं ज्यूरीनें त्यास निर्दोष ठरविलें. राखणदार नेमला, पगार दिला, पण राखण न झाल्यास जबाब कोणीं द्यावा हें ठरलेंच नाहीं.

यावर दुसरा पक्ष म्हणतो, पोलिस असे, तर मास्तरासच हत्यार द्या. या म्हणण्यांत कांहींच तथ्य नाहीं असें नव्हे. खेड्यांतल्या शाळेपासून ठाणें दूर असतें, आणि पहिली गोळी सुटते तेव्हां वर्गांत मास्तरच असतो. परंतु हें कसब येणार कसें? ओहायो प्रांतांत शाळेंत हत्यार बाळगणाऱ्यास पूर्वीं सातशें तासांहून अधिक शिक्षण लागे. २०२२ च्या कायद्यानें सक्तीचें शिक्षण २४ तासांवर आणलें. सुताराच्या पोराचा हात वाकसावर बसावयास वर्ष जातें. आणि भेदरलेल्या मुलांच्या गर्दींतून नेमका एक माणूस टिपणें चोवीस तासांत येणार! टेनेसी प्रांतानें २०२४ सालीं यावर कडी केली. कोणत्या मास्तराजवळ बंदूक आहे हें तेथें आईबापांसही कळावयाचें नाहीं.

आम्ही मास्तर लोक विचारतों, ती बंदूक वर्गांत ठेवावी कोठें? कमरेस लावावी तर मुलें अंगाशीं झोंबतात. कपाटांत कुलुपांत ठेवावी तर वेळेस उपयोगीं नाहीं. धांवून आलेल्या पोलिसानें मास्तर कोण व मारेकरी कोण हें ओळखावें कशावरून? सरकारास जड झालेलें काम मास्तराच्या माथीं मारण्याची खोड सगळीकडची आहे. आमच्याकडेही जनगणना आली कीं मास्तर, निवडणूक आली कीं मास्तर. पण कागद भरणें निराळें आणि माणूस मारणें निराळें.

रोगाचें मूळ वेगळेंच आहे. युवाल्डेच्या त्या पोरानें अठरावें वर्ष पुरें होतांच, आठवड्याच्या आंत, दोन रायफली कायदेशीरपणें विकत घेतल्या. स्कॉटलंडांत डनब्लेन येथें १९९६ सालीं १६ मुलें व त्यांची शिक्षिका अशीच मारली गेलीं. तेथील लोकांनीं सात लाखांवर सह्या जमविल्या, आणि १९९७ सालीं सरकारानें खासगी पिस्तुलांस बंदी केली. तेव्हांपासून ब्रिटनमधील शाळेंत तसें हत्याकांड झालें नाहीं. तेथें मास्तरांस बंदूक द्यावी लागली नाहीं, कारण मारेकऱ्याच्या हातींच ती सहज पडेनाशी झाली.

आपल्या वाचकांस आमचें सांगणें एवढेंच. पोलिसांचा पगार रयत देते. जाबही रयतेनेंच विचारावा. गांवच्या शाळा व्यवस्थापन समितींत पालकांचीच बहुसंख्या असते. तेथें नुसते अंगठे-सह्या करून उठूं नका. शाळेचें फाटक कोण सांभाळतो, ठाण्यास कळविल्यावर शिपाई किती वेळांत येतो, न आल्यास जबाबदार कोण, हें ठाणेदारास समोर बसवून विचारा व उत्तर लिहून घ्या. मास्तराच्या हातीं मात्र खडूच राहूं द्या.