रास्कोल्निकोव्ह, सावकारीण आणि वऱ्हाडचा वाचक

१/ दस्तयेव्हस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट' ही कादंबरी १८६६ साली एका रशियन मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. पीटर्सबर्गमधला एक दरिद्री माजी विद्यार्थी, रास्कोल्निकोव्ह, वस्तू गहाण ठेवून घेणाऱ्या म्हातारीचा कुऱ्हाडीने खून करतो, एवढे कथानक बहुतेकांना ठाऊक असते. तो कितपत दोषी, यावर मात्र वाचकांचे आजवर एकमत झालेले नाही. आजचा धागा त्या मतभेदाविषयी, आणि अमरावती-अकोल्याकडून पाहताना तो कसा दिसतो याविषयी.

२/ समीक्षक दिमित्री पिसारेव्ह याने १८६७ मध्येच सांगून टाकले की खुनाचे मूळ नायकाच्या सिद्धान्तात नाही, त्याच्या रिकाम्या खिशात आहे. त्याच वर्षी निकोलाय स्त्राखोव्ह याने या कादंबरीत नव्या विचारांनी ग्रासलेल्या तरुणाची शोकांतिका पाहिली. पुढे नाबोकोव्हला खुनी आणि वेश्या यांनी मेणबत्तीच्या उजेडात एकत्र धर्मग्रंथ वाचण्याचा प्रसंगच खोटा आणि भडक वाटला.

३/ आपल्या भागात पिसारेव्हचा पक्ष सहज पटतो. म्हातारीचा व्यवहारच पाहा. रास्कोल्निकोव्ह वडिलांचे घड्याळ घेऊन येतो. ती दीड रूबल देऊ करते. व्याज महिन्याला रूबलमागे दहा कोपेक, म्हणजे शेकडा दहा. या कर्जाचे आणि मागच्या कर्जाचे व्याज आधीच कापून ती त्याच्या हातावर एक रूबल पंधरा कोपेक ठेवते. हे वाचून ज्याला आजोबांच्या गोष्टीतला सावकार आठवत नाही, असा वऱ्हाडी वाचक विरळा.

४/ त्यामागे इतिहास आहे. १८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. १८६७ पर्यंत अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला रेल्वे पोहोचली आणि इथला कास्तकार दूरदेशीच्या बाजाराला कायमचा जोडला गेला.

५/ याच दशकात जमिनीची मोजणी होऊन खाती ठरू लागली. हक्काची जमीन म्हणजे गहाण टाकता येणारी जमीन. भाव पडला तरी कर्जाचा आकडा पडत नाही. शेत मात्र हातातून जाते. तिकडे रशियात १८६१ मध्ये भूदासप्रथा संपली होती आणि खेड्यांतून लोक राजधानीत लोटत होते. दोन अगदी वेगळे समाज, पण गहाणवटीचा कागद दोन्हीकडे ओळखीचा.

६/ म्हणून 'म्हातारी मेली ते बरेच झाले' असे कोणी म्हटले, तर त्यामागची वेदना मी नाकारत नाही. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये शेतकऱ्याच्या लुबाडणुकीचा हिशेब मांडला, तो उगाच नव्हे. तरीही हे वाचन अपुरे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण कादंबरीतच आहे. ते म्हणजे लिझावेता.

७/ लिझावेता ही म्हातारीची सावत्र बहीण. बहिणीच्या धाकात दिवसरात्र राबणारी. बहिणीच्या मृत्युपत्रात तिच्या नावे पैसाही नाही, सारे धन मठाला. ती अवचित घरी परतते आणि रास्कोल्निकोव्ह तिलाही ठार करतो. चेहरा वाचवायला ती हातसुद्धा धड वर करत नाही. ज्या गरिबांच्या नावाने कुऱ्हाड उचलली, त्यांच्यापैकीच एकीवर ती पडली.

८/ खुनापूर्वी त्याने खानावळीत एक हिशेब ऐकलेला असतो: एक निरुपयोगी जीव घ्या, तिच्या पैशाने हजारांचे भले करा. त्या हिशेबात लिझावेता कुठेच नसते. आणि भले तरी कोणाचे होते? लुटलेली थैली तो एका दगडाखाली पुरतो, उघडूनही पाहत नाही. पुढे तिच्यात ३१७ रूबल साठ कोपेक निघतात. त्यातला एकही कोणा गरिबाच्या कामी आलेला नसतो.

९/ आणखी एक तपशील सहसा निसटतो. सोन्या त्याला ज्या 'नव्या करारा'तून लाझरसची कथा वाचून दाखवते, ती प्रत तिला लिझावेतानेच आणून दिलेली असते. नाबोकोव्हचा आक्षेप वाचताना हे ध्यानात ठेवावे. मेणबत्तीच्या उजेडात तिथे दोघेच बसलेले नाहीत. जिला मारले तिचेही पुस्तक तिथे उघडलेले आहे.

१०/ आता आपल्याकडे वळू. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध उठाव सुरू झाला आणि नगर जिल्ह्यातही पसरला. शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. ते कागद जाळले गेले. माणसांवर प्राणघातक हल्ले फारसे झाले नाहीत. शत्रू कागदात आहे, हे त्या अशिक्षित म्हणवल्या गेलेल्या माणसांना उमगले होते. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षक कायदा आला.

११/ पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी देबूजी जन्मला. वाढला तो मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात, मामाकडे. सावकाराने मामाची शेती बळकावली आणि ताबा घ्यायला आलेल्या सावकाराला तरुण देबूजीने शेतात अडवले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. रास्कोल्निकोव्हपेक्षा संतापाचे कारण मोठेच होते. १९०५ मध्ये देबूजीने घर सोडले. गाडगेबाबा होऊन तो गावोगावी कीर्तनातून सांगत राहिला: कर्ज काढून सण-लग्ने करू नका, मुलांना शिकवा.

१२/ गाडगेबाबांनी सावकारी संपवली नाही. अवैध सावकाराने लाटलेली जमीन परत देण्याची तरतूद असलेला कायदा महाराष्ट्रात २०१४ साली झाला, यावरून प्रश्न किती चिवट होता ते कळते. पण लुबाडला गेलेला तरुण काय काय करू शकतो, याचे उत्तर आपल्या मातीत कुऱ्हाडीखेरीज इतरही मिळते.

१३/ रास्कोल्निकोव्हचा पश्चात्ताप खरा वाटत नाही, असे म्हणणाऱ्यांशी मी बराचसा सहमत आहे. आठ वर्षांच्या सक्तमजुरीवर सैबेरियात गेल्यावरही तो बराच काळ चूक मानत नाही, फक्त स्वतःच्या दुबळेपणावर चिडतो. मला हाच या कादंबरीचा प्रामाणिकपणा वाटतो. अपराधाची जाणीव निकालाच्या तारखेला हजर होत नाही.

१४/ तेव्हा मित्रहो, सावकारावरचा राग जरूर बाळगा. त्याला इतिहासाचा आधार आहे. कादंबरी पुन्हा हाती घ्याल तेव्हा मात्र लिझावेता दारातून आत येते ते पान सावकाश वाचा. त्यानंतर तुमचे मत काय झाले, ते इथे अवश्य लिहा.