सही कुणाची?

परवा आमच्या बचत गटाच्या बायकांनी तळेगाव ढमढेऱ्यात माझ्या घरी बसून 'मुळशी पॅटर्न' पाहिला. प्रवीण तरडे यांचा २०१८ सालचा सिनेमा. पुण्याजवळच्या जमिनींना सोन्याचा भाव येतो, शेतकरी जमीन विकतो, पैसा उडून जातो, पाटील म्हणून मिरवलेला बाप राखणदारी करतो आणि पोरगा गुंड होतो. गाणी, नाच, कोयते, सगळं आहे. तळमळीने काढलेला सिनेमा आहे, यात शंका नाही. आमच्या बायका डोळे पुसत होत्या, कारण मुळशीत झालं तेच इकडे शिरूर तालुक्यात झालं. सणसवाडी-शिक्रापूरला कारखाने आले, रांजणगावला एमआयडीसी आली आणि नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्लॉटिंगचे बोर्ड लागले.

पण ही गोष्ट बापाची आणि लेकाची. आई पडद्यावर आहे, तिचं काय गेलं हे सांगावं असं मात्र कुणाला वाटलेलं नाही.

अमेरिकेतही १९३०-४० च्या दशकांत गाणाऱ्या गुराख्यांचे स्वस्तातले सिनेमे निघत. घोडा, गाणं, जमीन, आणि शेवटी नायकाला नायिका. त्यामागचा खरा इतिहास असा की, २२ एप्रिल १८८९ ला भर दुपारी ओक्लाहोमात हजारो लोक जमीन धरायला धावत सुटले. जो आधी पोहोचेल त्याला १६० एकर. (ती जमीन मूळ आदिवासींकडून काढून घेतलेली, हे वेगळंच.) विधवेला, बिनलग्नाच्या बाईला तिथे दावा लावता येई. नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या बाईला स्वतःच्या नावाने नाही. आपल्याकडे लग्न झालं की माहेरच्या जमिनीवरचं बोलणंच संपतं.

माझं लग्न १९८९ चं. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने आम्हीही त्यात आलो. म्हणून तर २०११ च्या भाऊबीजेला धाकट्या भावाला माझी आठवण झाली. "ताई, फक्त एक सही." गिऱ्हाईक ठरलं होतं, वकिलाने वारसांची नावं काढली होती. कचेरीत विचारलं, "राजीखुशीने ना?" मी मान डोलावली. हक्कसोडपत्र झालं, मला साडी मिळाली. माहेर तुटू नये म्हणून सही केली, हे मी इथे कबूल करते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं की मुलीचा हा हक्क जन्मापासूनचा, २००५ साली बाप हयात असो वा नसो. सही करून बसलेल्या माझ्यासारखीला त्याचा उपयोग नाही.

भावजयही त्या दिवशी सिनेमाला होती. त्या रानात वीस वर्षं तिने खुरपलं, कांदे लावले, काढले. आता ती ठेकेदाराकडून एका कारखान्यात पॅकिंगला जाते. सिनेमा संपल्यावर म्हणाली, "वन्सं, तुमची सही तरी लागली. माझी कुणाला लागली?"

कायद्याचं उत्तर हेच की नवऱ्याच्या हयातीत त्याच्या जमिनीत बायकोची मालकी नाही. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली होती, की जमीन घरच्या लक्ष्मीच्या नावावर करा. तेही नवऱ्याच्या मर्जीवर. माझं म्हणणं, शेतजमिनीच्या खरेदीखताला बायकोची लेखी संमती सक्तीची करावी. "मग संमतीच्या कागदावरही अंगठा धरून घेतील," असं गटातल्या एकीने लगेच सुनावलं. घेतील. पण निदान गिऱ्हाईक ठरलंय हे तिला आधी कळेल, आणि एखादी तरी नाही म्हणेल.

येत्या बैठकीला प्रत्येकीने आपापला सात-बारा काढून आणायचं ठरलं आहे. तिघींनी आताच सांगितलं, गट नंबर घरात विचारायची सोय नाही.